दुसरी बाटली

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नाही. ज्या मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहून मी डॉक्टर झाले, ज्यांना माझं सगळं ठाऊक आहे असं वाटतं — त्यांनाही नाही. मुलीला बासरला नेलं होतं, पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला. पुजाऱ्यांनी तिचं बोट धरलं आणि मी डोळे मिटून सरस्वतीपुढं उभी राहिले. तिथं तरी मनातल्या मनात बोलायला काय हरकत होती? कोण ऐकणार होतं? पण तिथंही मी मुलीसाठी चांगली बुद्धी मागितली आणि पुढं सरकले. देवीपुढंसुद्धा मी विषय बदलला.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे यातही धाडस काही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी आदिलाबादची. वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं, आणि दुकानाच्या पायरीशी रोज सकाळी पंचफुलाबाई भाजी घेऊन बसायची. आम्ही भावंडं तिला माय म्हणायचो. जैनथकडच्या एका खेड्यातून ती यायची — अंबाडी, मेथी, वांगी, उन्हाळ्यात काकड्या. गिऱ्हाईक तेलुगू असलं तर घे बाई म्हणायला ‘तीस्को अम्मा’, मारवाडी असलं तर हिंदी, आपलं असलं तर आपली बोली. आणि भांडायची तिन्ही भाषांत. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. माझी आई म्हणायची, हिला बोलावणं पाठवावं लागत नाही, हीच साऱ्या गावाला बोलावणं पाठवते.

मला ती नंदे म्हणायची. शाळेत जाताना कोवळी काकडी हातात कोंबायची. मी शिकून परत आले, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात आयसीयू सांभाळायला लागले, तेव्हा ती बाजारभर सांगत सुटली होती — ‘आमची नंदी मोठी डाक्टरीन झाली, आता मरायचं भ्या नाई!’

हसायचे सगळे. मीही हसले होते.

आता सलाईनबद्दल थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि — खरं सांगायचं तर — त्या निमित्तानं मला जरा वेळही मिळेल.

आमच्याकडे सलाईन म्हणजे औषध. ताप आला, सलाईन लावा. अंगात जीव नाही, सलाईन लावा. पेशंटला घेऊन येणारं माणूस दारातूनच विचारतं, सलाईन लावता ना? कुठलं, ते कुणी विचारत नाही. कसं विचारणार? सगळ्या बाटल्यांत पाणीच दिसतं. एकीत साखर असते, एकीत मीठ असतं, एकीत मिठाबरोबर आणखी दोन-चार क्षार असतात. आणि एक छोटी बाटली असते, तिच्यात मीठ फार कडक असतं. तिच्यासाठी वेगळं कपाट असतं आमच्याकडे. माणूस जगण्या-मरण्याच्या सीमेवर असतं तेव्हा यातली कुठली बाटली, किती, आणि किती सावकाश — एवढंच तर आमचं काम. बाकी नुसता यंत्रांचा आवाज.

ती छोटी बाटली केव्हा द्यायची? रक्तातलं मीठ, सोडियम, फार खाली गेलं की मेंदू पाणी शोषून फुगतो. माणूस बरळायला लागतं, झटके येतात. तेव्हा त्या कडक मिठाचे थोडेसे थेंब जीव वाचवतात. थोडेसे. कारण काही दिवस मीठ कमीच असलं तर मेंदू त्या कमतरतेची सवय करून घेतो. मग मीठ एकदम वर ओढलं, तर आतल्या नसांवरचं आवरण सोलून निघतं. लगेच नाही. लगेच तर पेशंट उठून बसतो, बोलतो. घरी जातो. आणि मग काही दिवसांनी, सगळ्यांनी पेढे खाल्ल्यावर, त्याचं बोलणं जड होतं.

हे मला माहीत होतं. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, चांगले मार्क मिळाले होते. अज्ञान होतं असं म्हणायची सोय मला नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. पंचफुलामायला उलट्या-जुलाब सुरू झाले. तशात ती बीपीची गोळी घेत होती, जिच्यानं लघवी होते आणि लघवीबरोबर मीठ जातं. पोटात काही ठरत नाही म्हणून ती नुसतं पाणी पीत राहिली. घरी ती आणि तिची सून, शीतल. मुलगा दत्ता मंचेरियलला कोळशाच्या ट्रकवर. शीतल पहिल्या दिवसापासून म्हणत होती, आई, दवाखान्यात जाऊ. सासूला ती आईच म्हणे. आणि माय म्हणे, ‘मले काई नाई झालं. वांगे तोडाले कोन जाईन मंग, तुहा बाप?’ हे मला शीतलनं नंतर सांगितलं. मायचा स्वभाव मला ठाऊक होता. तिला ओढून नेणारं माणूस अजून जन्मायचं होतं.

पण ज्या सकाळी माय भलतंच बोलायला लागली, सुनेला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागली — त्याच सकाळी शीतलनं गावातला ऑटो थांबवला, आत बसलेल्या बायांना उतरवलं, आणि सासूला मांडीवर घेऊन आमच्याकडे आणलं. तिला तेव्हा दिवस गेलेले होते. चप्पल घालायची राहून गेली होती. अनवाणीच उभी होती ती आमच्या फरशीवर.

एवढं लक्षात ठेवा. मी ते विसरले नव्हते — मी ते विसरल्यासारखं केलं.

दारातच मायला झटका आला. रक्त तपासलं, सोडियम फारच खाली. मी कडक मिठाची छोटी बाटली लावली. ते बरोबरच होतं. आजही तेच करीन. झटका थांबला. काही वेळानं डोळे हलले, हाक मारली की भुवया उचलायला लागली. बस्स. इथं थांबायचं असतं. बाटली बंद करायची, थोड्या थोड्या वेळानं रक्त तपासत राहायचं, आणि वाट पाहायची. दिवसभर वाट. दुसऱ्या दिवशीही वाट. या कामात वाट पाहणं हाच अर्धा इलाज आहे.

खाली बाजारातल्या बाया जमल्या होत्या. भाजीच्या टोपल्या कुणाच्या तरी भरवशावर टाकून आल्या होत्या. मला खिडकीत पाहिलं की हात जोडायच्या. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांचा तो दवाखाना, हैदराबादला गेले होते. आयसीयू माझ्या एकटीच्या हाती होता. आणि दत्ताचा मंचेरियलहून फोन आला. घाबरला होता. त्याच्यासोबतचे कुणीतरी त्याला सांगत होते की आदिलाबादेत काय ठेवता, नागपूरला न्या.

‘ताई, नागपूरले न्यावं काय?’ त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला लागला. का लागावा? आईच्या जिवासाठी मुलगा विचारतो, यात माझा काय अपमान होता? पण लागला खरा. मी म्हटलं, ‘काही गरज नाही. संध्याकाळपर्यंत तुझ्या आईला तुझ्याशी बोलायला लावते.’

असं मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. शीतल शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की —

आणि मग मी दुसरी बाटली लावली.

गरज नव्हती. झटका थांबला होता. जीव वाचला होता. दुसरी बाटली मायसाठी नव्हती. ती त्या खिडकीखालच्या बायांसाठी होती, दत्ताच्या फोनसाठी होती. माझ्यासाठी होती. सावकाश चढणारं मीठ कुणाला दिसत नाही. उठून बसलेलं माणूस सगळ्यांना दिसतं.

संध्याकाळी माय बोलली. डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं, मला ओळखलं आणि म्हणाली, ‘नंदे, चहा तं पाज.’ सगळे हसले, शीतल रडली. मी फोन लावून मायच्या कानाशी धरला, आणि तिनं दत्ताला पहिलं वाक्य ऐकवलं — ‘वांगे तोडले का नाई कोनी?’ बाया खालून वर आल्या, आयसीयूत येऊ देत नाहीत तरी आल्या, आणि माझ्या पाया पडल्या. वयानं माझ्या आईएवढ्या बाया. मी त्यांना उठवलं. पण एकदम नाही उठवलं. जरासं थांबून उठवलं.

त्यानंतर रक्ताचा रिपोर्ट आला.

सोडियम नुसतं वाढलं नव्हतं, उडी मारली होती. आणि लघवीची पिशवी भरून वाहायला आली होती — म्हणजे शरीर आता स्वतःच पाणी फेकत होतं, मीठ अजून वर जाणार होतं. मी पिशवीकडं पाहिलं. मला सगळं समजलं. यात ‘नंतर समजलं’ असं काही नाही. त्या क्षणी, तिथं उभ्या उभ्या समजलं.

आणि इलाज होता. हेच मला कधी सांगता येत नाही. चूक झाली, ती माणसाकडून होते, म्हणा हवं तर. पण ती चूक परत फिरवता येत होती. साखरेच्या पाण्याची साधी बाटली, गल्लोगल्ली मिळते ती, ती लावायची, जोडीला लघवी रोखणारं एक इंजेक्शन द्यायचं, आणि वर गेलेलं मीठ हलक्या हातानं पुन्हा खाली आणायचं. सगळं त्याच खोलीत होतं. मी हात लांब केला असता तर लागलं असतं.

मग का नाही केलं? मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर जरा बरं दिसेल असं सापडतं का ते शोधलं आहे. नाही सापडत. बसलेल्या, बोलणाऱ्या, चहा मागणाऱ्या बाईला पुन्हा नवी बाटली लावली असती, तर कुणीतरी विचारलं असतं, आता हे कशाला? दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर परत येणार होते, त्यांनी विचारलं असतं. मला म्हणावं लागलं असतं — मी घाई केली. एवढे तीन शब्द. आणि आत्ताच तर बाया पाया पडून गेल्या होत्या.

मी मनाशी म्हटलं, सगळ्यांनाच होत नाही. ते खरंही आहे. कित्येकांना काही होत नाही. पण ती पैज मी कुणाच्या जिवावर लावत होते? माझ्या?

मोठे डॉक्टर आले, त्यांनी मायशी दोन गोष्टी केल्या, माझी पाठ थोपटली. मी त्यांना तो रिपोर्ट दाखवला नाही, त्यांनी मागितला नाही. त्यांना यात ओढायचं कारण नाही. दोष वाटून घ्यायला मला कुणी जोडीदार नाही.

माय घरी गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

काही दिवसांनी एका सकाळी शीतलला वाटलं, आईंचं बोलणं जड येतंय. जिभेखाली काही धरल्यासारखं. पाणी प्यायला दिलं, ते नाकावाटे आलं. ती थांबली नाही. त्याच सकाळी घेऊन आली. मायचे हात कोपरात वाकून आखडायला लागले होते. डोळे मात्र जागे होते. मला पाहून तिनं तोंड उघडलं, जोर लावला. बाजारभर ऐकू जाणारा तो आवाज — त्यातून नुसती घरघर बाहेर आली.

दारातच मला कळलं. तपासायची गरज नव्हती. तरी मी तपासत राहिले, हातोडी घेऊन गुडघ्यावर ठोकत राहिले, डोळ्यांत बॅटरी मारत राहिले. काय शोधत होते मी? वेळ. काय बोलायचं ते ठरवायला वेळ.

दत्ता मंचेरियलहून धावत आला. व्हरांड्यात मला गाठलं. शीतल त्याच्या मागं भिंतीला टेकून उभी होती.

‘ताई, माय तं बोलून राह्यली होती ना? फोनवर बोलली माह्याशी. मंग हे काऊन झालं?’

साधा प्रश्न होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, आरोप नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी खरं बोलले असते तरी त्यानं मला मारलं नसतं. कदाचित खाली बसून रडला असता. एवढंच.

मी त्याला उत्तर दिलं नाही. मी शीतलला विचारलं. ‘पहिल्यांदा आणलं, तेव्हा उलट्या किती दिवसांपासून होत्या गं?’

तिनं सांगितलं.

‘मग तेव्हाच आणायला पाहिजे होतं,’ मी म्हटलं. ‘उशीर केलात. डोक्यावर तेव्हाच परिणाम झाला होता. तो आता दिसतोय.’

झालं. इतकंच केलं मी. आवाज चढवला नाही, दुखावणारं काही बोलले नाही. उलट जरा मायेनंच बोलले. डॉक्टर बोलतात तसं. दत्ता बायकोकडं वळला. ‘काऊन नाई आनलं तू?’

‘आईच नको म्हनत होत्या...’

‘ते नको म्हनन! तुले डोकं नाई?’

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. मदतीसाठी पाहिलं. मी डॉक्टर होते, बाई होते, तिच्या सासूला माय म्हणणारी होते. ती अनवाणी धावत आली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी एक वाक्य बोलले असते, तर दत्ता गप्प झाला असता. मी म्हटलं, ‘मला राऊंड आहे,’ आणि आत गेले.

मायला नागपूरला पाठवलं. तिथं मेंदूचा फोटो काढला, आणि तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला. मला ते कोण, कुठले काही माहीत नव्हतं. सभ्य माणूस होता. त्यांनी एकच विचारलं, सोडियम किती वेगानं वाढवलं होतं? मी म्हटलं, हळूहळूच वाढवलं होतं. पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, बरं. त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं की त्यांना कळलं आहे. पण त्यांना खोदून विचारायला दत्ता गेलाच नाही. त्याला कारण मिळालेलं होतं. मीच दिलं होतं.

माय नागपूरहून परत आली, पुन्हा काही दिवस आमच्याकडे राहिली. त्या दिवसांत शीतलचे वडील भेटायला आले. पांढरं धोतर, गांधी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. मी व्हरांड्यातून चालले होते. ते जावयापुढं उभे होते — स्वतःच्या मुलाएवढ्या माणसापुढं — हात जोडून. ‘पोरीची चूक झाली, पाव्हणे,’ म्हणत होते. ‘लहान आहे. तिले समजलं नाई. पोटात घाला.’

मी पाय न थांबवता पुढं गेले. व्हरांडा संपला तेव्हा लक्षात आलं की मला उलट दिशेला जायचं होतं.

पुढं मायचे हातपाय थोडे सुटले. खुर्चीत बसायला लागली. कुणी घास भरवला तर गिळायला लागली, हळूहळू, ठसकत. बोलणं मात्र परत आलं नाही. नुसते आवाज, एकमेकांत चिकटलेले. ते फक्त शीतलला समजायचे. बाजारातली जागा गेली. दत्तानं मंचेरियलचं काम सोडलं नाही, घर सांभाळायला शीतल होतीच. शिलाईचं यंत्र घेऊन गावात काम सुरू करायचं तिच्या मनात होतं, ते राहिलं. भांडण कशावरूनही होवो, मिठावरून, मधल्या काळात झालेल्या पोरीच्या रडण्यावरून, ते तिथंच येऊन थांबायचं — तू उशीर केला. हे मला कसं माहीत? तिनंच सांगितलं. तपासणीला आली की सांगायची. तक्रार म्हणून नाही. ‘ते बोलतात, पन खरंच आहे ना मॅडम. माहीच चूक.’ मी मान हलवायची. मान हलवणं म्हणजे काय असतं? हो असतं, नाही असतं? मला वाटायचं, मी काहीच म्हटलेलं नाही.

एकदा तपासणीच्या वेळी मायनं माझा पदर धरला. आखडलेली बोटं, सुटता सुटेनात. मला काहीतरी सांगायला लागली — खूप वेळ, मान ताठ करून, लाळ गळत होती तरी. मला एक शब्द कळला नाही. शीतलनं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘म्हन्तात, नंदीनं वाचवलं मले.’

तेच म्हणत होती का ती? एवढं लांबलचक बोलणं, आणि त्याचा अर्थ एवढाच? मी शीतलला पुन्हा विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं.

शीतलची मुलगी मोठी होत होती. ती शिंकली तरी शीतल तिला घेऊन यायची. मी लहान मुलांची डॉक्टर नाही, तरी माझ्याकडेच आणायची. भर पावसात, पोर छातीशी, डोक्यावर पोतं. पोरीला सर्दी. नुसती सर्दी. एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, एवढ्यासाठी एवढ्या लांबून कशाला आलीस? ती म्हणाली, ‘उशीर नको व्हाले मॅडम. एकदा केला ना मी.’

पोर तिच्या कानातल्या रिंगेशी खेळत होती. बाहेर पेशंट बसले होते. खोलीत आम्ही दोघीच. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा कुठली मिळणार होती?

मी म्हटलं, ‘बरं केलं आणलंस.’ आणि सर्दीचं औषध लिहून दिलं.

गेल्या वर्षी माय वारली. घास श्वासनळीत जायचा, छाती भरायची, अशी बरीच आजारपणं शीतलनं निभावली. शेवटचं निभावलं नाही. मी तेरवीला गेले. सांगायचं ठरवून गेले — हे मी शपथेवर सांगेन, जरी माझ्या शपथेला किती किंमत ते तुम्ही आता जाणता. गाडीत वाक्य जुळवलं होतं. दत्ताला बाजूला घ्यायचं, शीतललाही, आणि म्हणायचं. ओसरीवर बाया बसल्या होत्या, त्याच बाजारातल्या, आता थकलेल्या. मला पाहून त्यांनी जागा केली. शीतल आतून आली, माझे दोन्ही हात धरले, आणि सगळ्यांना म्हणाली, ‘मॅडमनं लय केलं आईचं. झटक्यातून वाचवलं. मीच उशीर केला, नाई तं आज...’

एका बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘जाऊ दे वो. सेवा केली तू. फेडलं.’

फेडलं. जे तिनं केलंच नव्हतं, ते तिनं फेडलं होतं, आणि गाव तिला आता माफ करत होतं. दत्ता समोर उभा होता. त्यानंही मान हलवली, हळूच. त्याचा चेहरा निवळलेला होता. मी तोंड उघडलं. कुणीतरी चहाची कपबशी पुढं केली.

मी चहा घेतला. बरा झाला आहे म्हटलं. थोडा वेळ बसले, आणि निघाले.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या भागातली पोरं आता तेलुगू नाही तर इंग्रजी शाळेत जातात; मराठी बोलतात, वाचत नाहीत. पण शीतल किनवटकडची, महाराष्ट्रातली. तिची शाळा मराठी होती. हातात आलेला कागद ती वाचते, पुडीचासुद्धा. हे छापायला देताना नावं बदलावीत असं मला वाटलं होतं. बदलली नाहीत. बदलली असती, तर हे आपल्याबद्दल आहे, हे तिला कळलं नसतं.

तिच्या घरी जाऊन, दत्ताच्या देखत, तिच्या वडिलांच्या देखत बोलायला हवं होतं. मी गेलेले नाही. लिहिणं त्याहून सोपं होतं.

शीतल, तू आईंना पहिल्यांदा वेळेवर आणलंस. दुसऱ्यांदाही वेळेवर आणलंस. दुसरी बाटली मी लावली. मीठ चढलेलं मी पाहिलं आणि उतरवलं नाही. उशीर झाला असं जे मी तुझ्या नवऱ्यासमोर म्हटलं, ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते माहीत होतं.